जांभई का येते? आपल्याला आणि मुक्या प्राण्यांना

(कात्रप, बदलापूर पूर्व येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय जाहीर झाला आणि पहिल्या रांगेतल्या दोघांनी लगेच जांभया दिल्या. (हशा) ओशाळू नका. जांभई पाहिल्यानेच येते असं नाही, तिच्याबद्दल ऐकलं, वाचलं, नुसता विचार केला तरी येते. त्यामुळे पुढचा तासभर इथे जांभई द्यायला पूर्ण मोकळीक आहे. मी तो माझा अपमान समजणार नाही.

‘अपमान’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण जांभईबद्दल आपली पहिली प्रतिक्रिया शरीरशास्त्राची नसते, नीतिशास्त्राची असते. वर्गात मुलाने जांभई दिली की मास्तर म्हणतात, “झोप येत असेल तर बाहेर जा.” मुलगा रात्री साडेनऊच्या लोकलने घरी येतो, जेवताना वडील काही महत्त्वाचं सांगत असतात, तेवढ्यात तो जांभई देतो. वडील म्हणतात, “आमचं बोलणं म्हणजे तुला कंटाळाच.” संपलं. पुढचं जेवण मुकाट्याने. एका सहा सेकंदांच्या हालचालीवरून आपण माणसाचा आदर, त्याचं मन, त्याचा स्वभाव सगळं ठरवून टाकतो. तो निवाडा बरोबर आहे का, हे बघायचं तर आधी जांभई म्हणजे काय ते बघायला हवं.

जांभईत होतं काय?

तोंड हळूहळू उघडतं, श्वास लांब आत जातो. जबडा पूर्ण ताणला गेला की क्षणभर सगळं थांबतं. मग श्वास झटकन बाहेर पडतो. डोळे मिटतात, अश्रुग्रंथी दाबल्या जाऊन डोळ्यांत पाणी येतं. घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडते, म्हणून घाटात दडे बसले की जांभईने कान मोकळे होतात. हे सगळं साधारण सहा सेकंदांत.

एक गंमत करून बघा. जांभई येईल तेव्हा दात घट्ट आवळून धरा. श्वास पुरेसा घेता येतो, पण जांभई ‘झाली’ असं वाटत नाही, अर्धवट अडकून राहते. म्हणजे जांभई हा नुसता मोठा श्वास नाही. तिच्यात जबड्याचा ताण हा मुख्य भाग आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट तत्त्वज्ञानाच्या माणसाला फार विचारात पाडणारी आहे. अर्धांगवायूच्या काही रुग्णांमध्ये असं दिसतं की, जो हात त्यांना प्रयत्न करूनही हलवता येत नाही, तो जांभई येते तेव्हा आपोआप वर उचलला जातो. जांभई संपली की पुन्हा निपचित. म्हणजे ‘मी हात उचलतो’ हा रस्ता बंद आहे, पण ‘हात उचलला जातो’ हा मेंदूच्या तळातला जुना रस्ता अजून चालू आहे. जांभई त्या जुन्या रस्त्याने येते. ‘मी जांभई दिली’ असं आपण म्हणतो खरं, पण खरं तर ‘जांभई आली’ हेच बरोबर. आपली भाषा दोन्ही म्हणते, आणि दुसरं जास्त खरं आहे.

आपल्या जुन्या ग्रंथांत

आपल्याकडे जांभईचा विचार फार जुना आहे. जांभई हा शब्दच संस्कृत जृंभा, जृंभिका यांच्या कुळातला. बृहदारण्यक उपनिषदाच्या अगदी सुरुवातीला अश्वमेधाच्या घोड्यावर सगळं विश्व कल्पिलं आहे. उषा म्हणजे त्याचं मस्तक, सूर्य म्हणजे डोळा, आणि त्याची जांभई म्हणजे वीज. जांभईत एक अचानक उघडणं, चमकणं आहे, हे त्या ऋषींना दिसलं होतं.

महाभारताच्या उद्योगपर्वात तर जांभईची उत्पत्तिकथाच आहे. वृत्राने इंद्राला गिळलं. देव घाबरले. त्यांनी जृंभिका निर्माण केली. वृत्राला जांभई आली, तोंड उघडलं आणि इंद्र अंग आखडून बाहेर निसटला. तेव्हापासून जांभई प्राणिमात्रांच्या ठायी राहिली, असं ती कथा सांगते. पुढे भागवतात बाणासुराच्या युद्धात श्रीकृष्ण शंकरावर जृंभणास्त्र टाकतो. कथा म्हणून बघा, पण त्यातलं निरीक्षण पक्कं आहे: जांभई आली की वृत्राचंही चालत नाही आणि महादेवाचंही.

वेदान्तात पाच प्राणांच्या जोडीला पाच उपप्राण सांगितले आहेत, त्यांतला ‘देवदत्त’ हा जांभईचा वायू. आणि चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, जे वेग अडवू नयेत असे तेरा सांगितले, त्यांत मल, मूत्र, शिंक, भूक, तहान, अश्रू, झोप यांच्या रांगेत जांभई आहे. लगेच पुढच्या, आठव्या अध्यायात सद्वृत्त येतं, म्हणजे चांगलं वागणं. तिथे सांगितलंय की तोंड न झाकता जांभई देऊ नये. मला ही जोडी फार आवडते. शरीराचा हक्क एका अध्यायात, समाजाची रीत दुसऱ्या अध्यायात. दोन्ही आहेत, पण एकमेकांत मिसळलेली नाहीत. आपण ती मिसळतो. तोंड झाकलं नाही हा असभ्यपणा असू शकतो. जांभई आली हा असभ्यपणा असू शकत नाही.

प्राणवायूची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, सर, हे ठीक, पण शाळेत शिकलो ते काय? रक्तात प्राणवायू कमी झाला, कार्बन डायऑक्साइड वाढला, की शरीर जांभई देतं. हे आजही बहुतेक सगळे सांगतात. ऐकायला पटतंही. गर्दीची खोली, कोंदट हवा, आणि जांभया.

पण पटणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८७ मध्ये हे तपासलं. विद्यार्थ्यांना कधी शुद्ध, १०० टक्के प्राणवायू श्वासातून दिला. कधी ३ आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा दिली. आपल्या साध्या हवेत तो ०.१ टक्क्याहूनही कमी असतो, म्हणजे ही मात्रा केवढी मोठी बघा. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर श्वासाची गती वाढली, पण जांभयांची संख्या बदलली नाही. शुद्ध प्राणवायूने जांभया कमीही झाल्या नाहीत. व्यायाम करून धाप लागली तेव्हाही वाढल्या नाहीत.

तर्कशास्त्रातला हा सरळ नियम आहे. ‘अ’ हे ‘ब’चं कारण असेल तर ‘अ’ वाढवल्यावर ‘ब’ वाढायला पाहिजे. वाढलं नाही, तर ते कारण नव्हे. आणि आणखी एक साक्षीदार आहे: पोटातलं बाळ. गर्भजलात असलेलं बाळ जांभया देतं, हे सोनोग्राफीत स्पष्ट दिसतं. त्याचा प्राणवायू नाळेतून येतो, तोंडातून नाही. मग ते तोंड उघडून कुठला प्राणवायू घेणार?

डोकं थंड ठेवण्याची कल्पना

मग सध्या काय मानतात? एक कल्पना गेली काही वर्षं चर्चेत आहे. अँड्र्यू गॅलप या संशोधकाची. ते म्हणतात, जांभई मेंदू थंड करते. आपला मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला जवळजवळ पाचवा हिस्सा तो खातो. एवढं काम करणारं यंत्र तापणारच. जबडा ताणला की चेहऱ्याकडचा, मानेकडचा रक्तप्रवाह वाढतो, आणि लांब श्वासाबरोबर गार हवा आत जाते. जबड्याचा ताण लक्षात ठेवा म्हणालो होतो, तो इथे उपयोगी पडतो.

२००७ मध्ये त्यांनी लोकांना जांभयांच्या चित्रफिती दाखवल्या. कपाळावर थंड पिशवी धरलेल्यांपैकी ९ टक्के लोकांनाच जांभई आली. गरम किंवा साधी पिशवी धरलेल्यांपैकी ४१ टक्क्यांना. नंतर २०११ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात टूसॉन गावी रस्त्यावरच्या १६० लोकांवर प्रयोग केला, ८० हिवाळ्यात, ८० उन्हाळ्यात. उन्हाळ्यात, जेव्हा बाहेरची हवा अंगाइतकीच म्हणजे ३७ अंशांच्या आसपास होती, तेव्हा जांभया कमी. कारण बाहेरची हवाच तापलेली, ती आत घेऊन थंडावा कसला मिळणार? मग ऑस्ट्रियात व्हिएन्नामध्ये तोच प्रयोग झाला. तिथे उलट, उन्हाळ्यात जास्त आणि हिवाळ्यात कमी. कारण व्हिएन्नाचा उन्हाळा सौम्य, आणि हिवाळा इतका गार की डोकं थंड करायची गरजच नाही. म्हणजे फार उष्ण नको, फार थंड नको, मधल्या हवेत जांभया जास्त.

आता हे आपल्याकडे लावून बघा. बदलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो हे तुम्हाला सांगायला नको. ही कल्पना बरोबर असेल तर भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या माणसाला जांभया कमी याव्यात, आणि डिसेंबरच्या संध्याकाळी जास्त.

पण थांबा, एवढ्यावर टाळ्या नकोत. स्वित्झर्लंडच्या आड्रियान गुगिसबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपाळूपणाच्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख काढले. जांभईच्या आधी मेंदू पेंगुळलेला दिसला, पण जांभईनंतर तो जास्त सावध झाल्याचं काही दिसलं नाही. त्यांचं म्हणणं असं की, जांभईचं मुख्य काम सामाजिक आहे: दुसऱ्याला आपली अवस्था कळवणं. यावर गॅलप यांच्या बाजूचे विचारतात, मग एकटा माणूस का जांभई देतो? वाद चालू आहे. विज्ञानात वाद चालू असणं हे आजारपण नव्हे, प्रकृती चांगली असल्याचं लक्षण आहे.

प्राण्यांकडे बघू

इथून वांगणी, शेलू, नेरळ. नेरळहून माथेरान. तिथली माकडं सगळ्यांनी पाहिली आहेत. एखादा थोराड नर झाडाच्या फांदीवर बसून आपल्याकडे बघत मोठी जांभई देतो. पर्यटक म्हणतात, “अगं बाई, झोप आली त्याला,” आणि फोटो काढायला पुढे सरकतात. सरकू नका. माकडांच्या नराची अशी जांभई पुष्कळदा सुळे दाखवण्यासाठी असते. ‘माझे दात बघून घे’ असा तिचा अर्थ. डार्विननेही बबून माकडांबद्दल हे नोंदवलं आहे.

कुत्र्याचं वेगळं. जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, कुणी अंगावर ओरडलं, की कुत्रा जांभया देतो. ती ताणाची जांभई. माणसातही ती आहे. विमानातून उडी मारण्याआधी छत्रीधारी सैनिक जांभया देतात. अमेरिकेचा बर्फावरचा शर्यतपटू अपोलो ओनो ऑलिम्पिकच्या शर्यतीआधी जांभया देण्यासाठी प्रसिद्ध होता. तो काय कंटाळला होता? आठ पदकं मिळवली त्याने!

तोंड उघडणारं प्रत्येक जनावर जांभई देतं असंही नाही. साप भक्ष्य गिळल्यावर जबडा फाकवतो, तो जबडा जागेवर बसवण्यासाठी. पण सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्या जांभयांमध्ये एक नियम सापडला आहे. २०२१ मध्ये १०१ जातींच्या प्राण्यांच्या १२९१ जांभया मोजल्या गेल्या. मेंदू जितका मोठा, त्यात चेतापेशी जितक्या जास्त, तितकी जांभई लांब. उंदराची सेकंद-दीड सेकंदात आटोपते, आपली सहा सेकंद चालते. म्हणजे लांब जांभई हे आळसाचं नव्हे, मोठ्या मेंदूचं लक्षण! (हशा) हे घरी जाऊन सांगा, पण माझं नाव सांगू नका.

एकाची दुसऱ्याला

आता संसर्ग. एकाने दिली की दुसऱ्याला येते. पण तान्ह्या बाळासमोर कितीही जांभया द्या, त्याला ती लागत नाही. त्याची स्वतःची येते, दुसऱ्याची लागत नाही. साधारण चार-पाच वर्षांच्या पुढे ती लागायला लागते, म्हणजे दुसऱ्याच्या मनाची मुलांना जाण येते त्याच सुमाराला. २०११ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी रोजच्या व्यवहारात लोकांच्या जांभया टिपल्या. जवळच्या नातलगाची सर्वांत लवकर लागते, मग मित्राची, मग ओळखीच्याची, सर्वांत कमी परक्याची. चिंपांझींतही आपल्या टोळीतल्याची जास्त लागते.

यावरून काहींनी घाईने म्हटलं, जांभई लागणं म्हणजे सहानुभूती. जरा जपून. २०१४ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ३२८ लोकांवर अभ्यास झाला, त्यात सहानुभूतीचा संबंध दिसला नाही. वयाचा थोडा दिसला, वय वाढलं की लागण कमी होते. तेव्हा तुमची जांभई नवऱ्याला लागली नाही तर त्याच्या प्रेमावर शंका घेऊ नका, फार तर वयावर घ्या. (हशा)

मला जास्त अर्थपूर्ण वाटतो तो सिंहांचा अभ्यास. दक्षिण आफ्रिकेत दिसलं की, एका सिंहाची जांभई दुसऱ्याला लागली, की पुढच्या क्षणी ते दोघे एकसारखी हालचाल करण्याची शक्यता ११ पट वाढते. एक उठला की दुसरा उठतो. कळप एका तालात येतो. आणि २०२१ मध्ये गॅलप यांनी दाखवलं की, दुसऱ्याला जांभई देताना पाहिल्यावर माणसं चित्रातला साप लवकर हुडकतात. म्हणजे टोळीतला एक पेंगुळला, की बाकीचे त्याच्या वाटची पाळत ठेवतात, असा त्याचा अर्थ लावता येतो. आपण ज्याला अनादर म्हणतो, ती कळपाला दिलेली सूचना असू शकते: ‘माझं लक्ष उतरतंय, तुम्ही सांभाळा.’

मग ‘का’ या प्रश्नाचं उत्तर काय?

तुम्हाला एकच उत्तर हवं असेल. पण प्रश्नच जरा तपासू. ‘हात कशासाठी असतो?’ असं विचारलं तर काय सांगाल? घास घ्यायला, हाक मारायला, मारायला, नमस्कार करायला. जांभई फार जुनी आहे, पोटातल्या बाळापासून सिंहापर्यंत. जुन्या घराला जसे नवे सोपे, पडव्या जोडत जातात, तशी निसर्गाने या जुन्या हालचालीला नवी कामं जोडली. कुठे धमकी, कुठे ताण हलका करणं, कुठे सूचना. पण सगळ्यांत एक धागा आहे: अवस्था बदलते आहे. झोपेतून जागेपणी, जागेपणातून झोपेकडे, शांततेतून धोक्याकडे. जांभई त्या उंबरठ्यावर येते.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. जांभई हे मत नाही, बातमी आहे. समोरच्याबद्दलचं मत नव्हे, स्वतःच्या शरीराची बातमी.

आणि बातमीवर रागवायचं नसतं, ती ऐकायची असते. आपल्या गावातली किती माणसं पहाटे उठून लोकल पकडतात! मुंबई इथून ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास डब्यात, तेही बहुतेक उभ्याने. रात्री जेवताना त्या मुलाने जांभई दिली तर ती वडिलांच्या बोलण्यावरची टीका नाही, झोपेच्या थकबाकीची नोटीस आहे. बोलणं महत्त्वाचं असेल तर रविवारी सकाळी बोला.

आणि दुसरी गोष्ट, ही जिवावरची आहे. गाडी चालवताना लागोपाठ जांभया यायला लागल्या की पुष्कळ जण म्हणतात, “जांभई दिली, आता तरतरी आली.” मघाशी सांगितलेले मेंदूचे आलेख आठवा. जांभईने झोप उडते याचा त्यांत पुरावा मिळाला नाही. जांभई झोपेची बातमी देते, झोप भरून काढत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर तुम्ही आंधळे. पहाटे दोन ते सहा ही वेळ सर्वांत वाईट. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं यावर विसंबू नका. सुरक्षित जागी गाडी थांबवा, पंधरा-वीस मिनिटं झोपा. आणि शेजारी बसलेल्याने चालकाच्या जांभया मोजाव्यात. ती चहाडी नव्हे, सोबत आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक ताई: दृष्ट काढताना काढणाऱ्या बाईला जांभया आल्या की दृष्ट लागली होती असं म्हणतात. ते काय?*

चांगलं विचारलंत. दृष्ट बहुधा कधी काढतात? तिन्हीसांजेला. बाळ दिवसभर किरकिरून दमलेलं, आई-आजी त्याहून दमलेल्या. ओवाळण्याची संथ हालचाल, आणि मनात आधीच ‘आता जांभया येतात का बघू’ ही अपेक्षा. जांभईचा नुसता विचार केला तरी ती येते, हे आपण बघितलं. शिवाय जांभया आल्या ते दिवस लक्षात राहतात, आल्या नाहीत ते विसरतात. दृष्ट काढण्यातली माया खरी आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण बाळ तापाने फणफणलं असेल तर मीठ-मोहऱ्यांबरोबर डॉक्टरही हवा.

*एक गृहस्थ: मला पुरेशी झोप घेऊनही दिवसभर जांभया येतात. काळजी करावी का?*

मी वैद्य नाही, तेवढं ध्यानात ठेवून ऐका. रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, आणि दिवसा जांभया असं असेल, तर झोप तासांनी पुरेशी असली तरी दर्जाने पुरेशी नसते, ते तपासून घ्यावं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही जांभया वाढतात. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. अर्धशिशीच्या आधीही काहींना जांभया येतात. आणि जांभयांबरोबर अचानक हातपाय लुळे पडणं, जीभ जड होणं, छातीत दुखणं असं काही झालं, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

*एक विद्यार्थी: सर, मी जांभई दिली की आमचा कुत्रापण देतो. माझी नक्कल करतो का?*

नक्कल नाही, तुझी जांभई त्याला लागते. २००८ मध्ये लंडनला २९ कुत्र्यांसमोर एका माणसाने जांभया दिल्या, त्यातल्या २१ कुत्र्यांनी उलट जांभई दिली. पुढच्या सगळ्या प्रयोगांत निकाल इतका ठळक आला नाही. पण तू घरी एक कर. एक वही घे. तू जांभई दिल्यावर पाच मिनिटांत त्याने दिली का, हे लिही. आणि न दिल्यावरही पाच मिनिटं बघून लिही. महिनाभर. दुसरा रकाना विसरू नकोस, लोक तोच विसरतात. मग वही घेऊन मला भेट, आपण दोघे बसून बघू.